विरळ हवेंतील मोटारसायकल

मनालीहून लेहकडे जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यांत कोणी दोन दिवस काढले, तर एक देखावा त्याच्या दृष्टीस वारंवार पडतो. चढणीच्या एखाद्या वळणावर मोटारसायकल कडेला उभी असते. तिच्या मागच्या नळींतून नुकताच काळा धूर येऊन गेलेला असतो. मालक, बहुधा पंचविशीचा तरुण, किक मारतो, आणि प्रत्येक किकीनंतर धाप लागून पेट्रोलच्या टांकीवर डोकें टेकतो. गाडीच्या पाटीवर महाराष्ट्राचीं अक्षरें असण्याचा संभव पुष्कळच. कारण मुंबई-पुण्याकडील कित्येक मुलें जून ते सप्टेंबर या काळांत लडाखची वारी करतात. इकडे घरीं आईवडील फोनची वाट पहात असतात, आणि त्या वाटेच्या मोठ्या भागांत फोन लागत नाहीं.

अशा वेळीं रस्त्यावर जमलेल्या मंडळींचे तर्क ठरलेले असतात. एक म्हणतो, पेट्रोलांत भेसळ आहे; दुसरा म्हणतो, प्लग गेला; तिसरा गाडीच्या वयाकडे बोट दाखवितो. तिन्ही तर्क बहुधा चुकीचे असतात. गाडींतलें कांहींएक मोडलेलें नसतें. मुंबईस समुद्राकांठीं ती जशी होती तशीच ती आहे, आणि तिची अडचण नेमकी हीच आहे. तिच्या भोंवतालची हवा मात्र बदललेली आहे.

आपण सारे हवेच्या एका महासागराच्या तळाशीं रहातों, हें शाळेंत आपण शिकलेलों असतों. तळाशीं दाब अधिक, वर जावें तसतसा कमी. समुद्रकिनाऱ्यावर वायुभारमापकांतील पारा ७६० मिलिमीटर उंच उभा रहातो. लेह शहर सुमारें ११,५०० फूट उंच आहे. तेथें तो पांचशें मिलिमीटरांच्याही खालीं येतो. लेहच्या डोक्यावरील खर्दुंगला ही खिंड १७,५८२ फुटांवर आहे. तेथें तो ३८५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा. (खिंडींतील पाटीवर पुष्कळ वर्षें १८,३८० फूट हा आंकडा होता. प्रवाशांना तो प्रिय असला तरी मोजणींत टिकला नाहीं.) किनाऱ्यावर एक घनमीटर हवेचें वजन सव्वा किलोग्रॅमच्या जरासें आंत भरतें, खर्दुंगल्यावर तेंच सुमारें सातशें ग्रॅम. इंजिनाच्या नळकांड्याचें माप कांहीं बदलत नाहीं. तें प्रत्येक श्वासाला तितकीच जागा हवेनें भरून घेतें. पण त्या जागेंत आतां शंभराऐवजीं अठ्ठावन्नच भाग हवा मावते.

हवा कमी तर पेट्रोलही कमी, मग बिघडलें कोठें, असें कोणीही विचारील. उत्तरासाठीं कार्ब्युरेटर या भांड्याचा विचार करावयास हवा. डासांवर औषध मारावयाचा फ्लिटचा पंप ज्यानें वापरला असेल त्यास कार्ब्युरेटर निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. पंपाच्या तोंडाशीं हवेचा झोत वेगानें जातो, तेथला दाब उतरतो, आणि खालच्या डब्यांतलें औषध बारीक नळींतून वर ओढलें जाऊन झोतांत मिसळतें. कार्ब्युरेटरांत औषधाऐवजीं पेट्रोल असतें, आणि तें वर येण्याच्या वाटेवर एक पितळी बोंडी बसविलेली असते. तिच्या मध्यभागीं अचूक मापाचें भोंक असतें. या बोंडीला जेट म्हणतात. किती हवेला किती पेट्रोल, याचा सारा हिशेब त्या भोंकावर सोंपविलेला असतो.

हिशेब चुकतो तो असा. इटलींतील टॉरिचेली हा विद्वान्, गॅलिलिओचा अखेरचा साहाय्यक, आपल्याला वायुभारमापकामुळें ठाऊक असतो. १६४३ च्या सुमारास त्यानें पाऱ्याची नळी उलटी करून हवेचा भार मोजण्याची युक्ति काढली. पण १६४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत आणखी एक नियम आहे. टांकीच्या तळाशीं भोंक असेल, तर पाणी चौपट उंच भरल्यानें धार चौपट वेगानें न पडतां दुप्पटच वेगानें पडते. धारेचा वेग दाबाच्या प्रमाणांत न वाढतां त्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. आतां कल्पना करा कीं, हवेचें दाटपण एकचतुर्थांशावर आलें. नळकांड्यांत जाणारी हवा एकचतुर्थांश होईल. जेटमधून पेट्रोल ओढणारा दाबांतला फरकही एकचतुर्थांश होईल. परंतु टॉरिचेलीच्या नियमानें पेट्रोलाची धार निम्म्यावरच थांबेल. हवा पाव आणि पेट्रोल अर्धें! इंजिनाच्या वांट्याला पूर्वीच्या दुप्पट दाट मिश्रण आलें. हवेचा भार मोजणाऱ्या त्याच गृहस्थाच्या दुसऱ्या नियमानें तीनशें-साडेतीनशें वर्षांनंतर हिमालयांत फटफट्या अडवाव्या, ही एक गंमतच होय.

खर्दुंगल्यावर हवा पाव होत नाहीं, शंभरांतील अठ्ठावन्न भाग उरते. त्याचें वर्गमूळ काढलें तर पेट्रोल शंभरांतील शहात्तर भाग जातें. म्हणजे मिश्रण सुमारें एकतीस टक्के दाट झालें. पेट्रोल पुरतें जळावयास त्याच्या वजनाच्या साडेचौदा पटींहून थोडी अधिक हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हां पेट्रोलाचें प्रमाण थोडें वाढवून सुमारें तेरास एक असें ठेवतात. मुंबईस तेरास एक बसविलेली गाडी खर्दुंगल्यावर दहास एकाच्याही खालीं येते, आणि तेथें इंजिन अडखळूं लागतें.

घरांतील स्टोव्हची ज्योत हवा कमी पडली कीं निळ्याची पिंवळी होते आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. इंजिनांत तेंच घडतें, फक्त पातेल्याच्या जागीं प्लग असतो. त्याच्या टोंकावर काजळी चढली म्हणजे ठिणगी मध्येंच मरते, स्फोट चुकतात, आणि गाडी घसा खांकरल्यासारखी चालूं लागते. जळून न गेलेलें पेट्रोल नळकांड्याच्या भिंतीवरील तेल धुऊन खालच्या तेलांत उतरतें, हें आणखी एक नुकसान. शिवाय पेट्रोल वायां जातें तें निराळेंच. मनाली-लेह रस्त्यावर तांडी येथील पंपापाशीं ‘पुढील पंप ३६५ किलोमीटर’ अशी पाटी प्रवाशांच्या चांगल्या ओळखीची होती. अशा वाटेवर दर लिटरास पांच-सात किलोमीटर कमी पडणें ही रात्र उघड्यावर काढण्याची तयारी होय. आणि सरचूसारख्या चौदा हजार फुटांवरील मुक्कामीं जुलैंतही रात्रीं कडाक्याची थंडी असते.

उपाय तत्त्वतः सोपा आहे. भोंक लहान करावयाचें. लेहच्या उंचीवर मुंबईच्या मानानें सुमारें सोळा टक्के पेट्रोल कमी हवें. म्हणजे भोंकाचें क्षेत्रफळ सोळा टक्के आणि व्यास सुमारें आठ टक्के कमी. ज्या बनावटींत जेटवरील आंकडा भोंकाचा व्यास शतांश मिलिमीटरांत सांगतो, तींत १०० आंकड्याच्या जागीं ९२ चा आसपासचा जेट येईल. दुसऱ्या कित्येक बनावटींत हा आंकडा व्यासाचा नसून मिनिटाला किती पेट्रोल वाहतें याचा असतो. तेथें ८४ च्या आसपास पहावें लागेल. एका बनावटीचा जेट दुसरींत बसविणारे कारागीर थोडे नाहींत. आटे जुळले म्हणजे हिशेब जुळला असें त्यांना वाटतें.

मुख्य जेट मूठ तीनचतुर्थांशाहून अधिक पिळली म्हणजे खरा कामास येतो. त्याखालीं हुकमत असते ती निमुळत्या सुईची. सुईच्या डोक्याशीं चार-पांच खांचा असतात आणि एकींत क्लिप अडकविलेली असते. क्लिप एक खांच वर सरकविली म्हणजे सुई तितकी खालीं उतरते व पेट्रोलाची वाट अरुंद होते. उभ्या गाडीच्या मंद चालीसाठीं निराळा लहान जेट व एक स्क्रू असतो. या स्क्रूनें फार घोटाळे केले आहेत. तो कार्ब्युरेटराच्या हवेकडील तोंडाशीं असेल तर बाहेर फिरविल्यानें हवा वाढते. इंजिनाकडील बाजूस असेल तर बाहेर फिरविल्यानें पेट्रोल वाढतें. मित्राच्या गाडीवर ऐकलेला सल्ला आपल्या गाडीवर उलटा पडतो तो येथें.

जेट बरोबर बसला कीं नाहीं हें प्लगच सांगतो. चढणीवर मूठ पूर्ण पिळून थोडें अंतर जावें, एकदम इंजिन बंद करून क्लच दाबावा, आणि गाडी थांबल्यावर प्लग काढून पहावा. काजळीनें काळा असेल तर मिश्रण दाट. भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. चुन्यासारखा पांढरा असेल तर धोका. भारतांत २००० सालीं शिसेंमिश्रित पेट्रोल बंद झाल्यापासून हे रंग पूर्वींइतके ठळक उमटत नाहींत, म्हणून एका पाहणीवर भिस्त ठेवूं नये.

आतां खरा विवेकाचा प्रश्न येतो. कोणत्या उंचीसाठीं जेट बसवावा? उत्साही मंडळी सर्वांत उंच खिंडीचा आंकडा डोळ्यांसमोर ठेवतात. हें चुकीचें आहे. तांगलांगला १७,४८० फूट, लाचुंगला सोळा हजारांवर, बारालाचा सोळा हजार. परंतु या माथ्यांवर गाडी असते ती अर्धा-पाऊण तास. बाकीचा सारा प्रवास अकरा ते पंधरा हजार फुटांच्या पट्ट्यांत होतो. लेहसाठीं बसविलेली गाडी खर्दुंगल्यावर दहा टक्केच दाट होते. ती कुरकुरेल, पण ओलांडून जाईल. उलट खर्दुंगल्याच्या मापाची गाडी खालीं नुब्रा खोऱ्यांत दहा हजार फुटांवर उतरली म्हणजे तिचें मिश्रण विरळ होतें. दाट मिश्रणानें प्लग काळा होतो, तो पुसतां येतो. विरळ मिश्रणानें दट्ट्या जळतो. त्याला पुसणें नाहीं.

कांहीं जण जेटच्या भानगडींत न पडतां हवेची जाळीच काढून टाकतात. अडथळा गेला म्हणजे हवा वाढली, असा हा हिशेब. गाडी तासभर बरी चालतेही. परंतु लडाखचा कच्चा रस्ता म्हणजे दळलेली वाळू. पुढच्या मालमोटारीनें उडविलेली ती धूळ जाळीविना थेट नळकांड्यांत जाते आणि तेथें पॉलिश कागदाचें काम करते. एका सहलींत इंजिनाचें आयुष्य निम्म्यावर आणण्याचा याहून खात्रीचा मार्ग सांपडणें कठीण. जाळी काढावयाची ती झटकून परत बसविण्यासाठीं, रोज संध्याकाळीं.

जेट अचूक बसविला तरी गेलेला जोर परत येत नाहीं, हेंही आधींच समजून असावें. जेटनें धूर जातो, अडखळणें जातें, पेट्रोल वांचतें. हवाच अठ्ठावन्न भाग असेल, तर वीस घोड्यांचें इंजिन अकरा-बारा घोडेच देणार. ही तूट भरून काढण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे हवा कोंबून भरणें. आणि त्याची पहिली मोठी परीक्षाही डोंगरावरच झाली. अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांत पाइक्स पीक नांवाचें १४,११५ फूट उंचीचें शिखर आहे. १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरानें लिबर्टी जातीचें बारा नळकांड्यांचें विमानी इंजिन एका मालमोटारीवर चढवून त्या शिखरावर नेलें. खालीं सपाटीवर तें ३५० घोड्यांचा जोर देत होतें. माथ्यावर तें २३० वर आलें. मग इंजिनाच्याच धुरानें फिरणारें चक्र जोडून त्यानें हवा दाबून भरली, आणि जोर ३५६ झाला. टर्बो नांवानें आज घरोघरच्या मोटारींत जो पंखा असतो त्याची ही कथा. त्याच डोंगरावर १९१६ पासून मोटारींची चढाईची शर्यत होते. ९,३९० फुटांवर सुरुवात, माथ्यावर शेवट, वाटेंत १५६ वळणें. सुटतांना बरोबर असलेलें मिश्रण शेवटच्या वळणावर बरोबर रहात नाहीं, म्हणून जुन्या काळीं कार्ब्युरेटर लावणें ही तेथें एक कलाच समजली जाई. २०१८ सालीं विजेवर चालणाऱ्या फोल्क्सवागन गाडीनें रोमँ द्यूमा याच्या हातीं तें अंतर आठ मिनिटांच्या आंत कापलें. जिला श्वासच घ्यावा लागत नाहीं तिला विरळ हवेचें भय कसलें?

साध्या मोटारसायकलीला टर्बो नाहीं व वीजही नाहीं. तिच्यासाठीं उरतो तो दांत्यांचा हिशेब. पुढच्या लहान दंतचक्राचा एक दांता कमी केला म्हणजे कमाल वेग घटतो, पण चढणीवर ओढ वाढते, आणि क्लच सारखा अर्धा दाबून तो जाळण्याची वेळ येत नाहीं. तसेंच सामान. दोघे जण, दोन खोकीं, तंबू आणि पेट्रोलचा डबा एवढें सारें वीस घोड्यांवर लादून, त्यांतले आठ-नऊ घोडे वाटेंत गळणार हें ठाऊक असतांना निघणें, हा यंत्रावर अन्याय आहे. टायरांचीही एक गोष्ट. मुंबईस भरलेल्या टायरांत हवा तीच रहाते, बाहेरचा दाब मात्र निम्मा होतो. त्यामुळें माप दाखविणारा कांटा सात पौंडांपर्यंत वर चढूं शकतो. थंडीनें त्यांतला कांहीं भाग कमी होतो. तरीही वाळूच्या व गोट्यांच्या वाटेवर ताठर टायर घसरतो. म्हणून मनालीस व लेहला दाब मोजून जरूर तितकी हवा सोडावी, आणि परततांना पुन्हां भरावी.

पेट्रोल फवारणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाड्यांना यांतलें बरेंचसें लागूं नाहीं. त्यांत हवेचा दाब मोजणारें व धुरांतला प्राणवायु तपासणारें उपकरण असतें, आणि गाडी आपलें पेट्रोल आपणच बेतते. भारतांत १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाल्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारसायकली जवळजवळ सर्व याच पद्धतीच्या झाल्या. जोर त्यांचाही घटतो, पण धूर नाहीं. तथापि जुन्या बुलेटी व इतर कार्ब्युरेटरच्या गाड्या अद्याप हजारोंनीं चालतात, आणि मुलांचें प्रेम जुन्या गाडीवर अधिक असतें हें आईबापांना सांगावयास नको.

जीपगाड्यांविषयीं थोडेंच सांगण्याजोगें आहे. जुन्या डिझेल जीपमध्यें पंप मापानें तितकेंच डिझेल सोडतो, हवा असो वा नसो. म्हणून ती खिंडींत कोळशाच्या भट्टीसारखी धुरते, आणि जाणता मेकॅनिक पंपाची कमाल मर्यादा उतरवून देतो. पाण्याची काळजी मात्र विसरूं नये. खर्दुंगल्यावर उघड्या भांड्यांतलें पाणी ब्याऐंशी-त्र्याऐंशी अंशांवरच उकळतें. रेडिएटरचें झांकण दाब धरून ठेवतें म्हणून तेथें पाणी तग धरतें. झांकणाचें रबर कुजलें असेल तर तापलेलें इंजिन माथ्यावर कारंजें उडवितें.

आणि चालक? त्याच्याही नळकांड्यांत हवा कमीच जात असते. मनुष्याच्या देहाला नवा जेट बसवितां येत नाहीं. त्याला लागतात दिवस. लेहला उतरल्यावर दोन दिवस स्वस्थ रहावें असें डॉक्टर सांगतात तें याचसाठीं. सतरा हजार फुटांवर डोकें दुखत असतांना, बोटें बधिर झालेलीं असतांना, पितळी बोंडी धोंड्यांत पडल्यावर ती शोधणें आणि स्क्रू कोणत्या बाजूस फिरवावयाचा तें आठवणें, हीं दोन्ही कामें हातून सरळ होत नाहींत. शिवाय जो वेळ दुरुस्तींत जातो तो सारा त्याच विरळ हवेंत जातो. म्हणून हें काम मनालीस किंवा लेहलाच, सकाळीं, पोटांत कांहीं घालून करावें. खिंडींत गाडी अडलीच तर प्लग बदलून, मूठ अर्धीच पिळून, खालच्या दांत्यांत पलीकडे उतरावें. दोन-तीन हजार फूट उतरल्यावर ती आपोआप सुधारते.

सर्वांत मोठा धोका परतीच्या वाटेवर आहे, आणि त्याची वार्ता फार थोड्यांना असते. लेहहून कारगिलवरून निघालेला तरुण सकाळीं ११,५७५ फुटांची झोजीला खिंड ओलांडतो, संध्याकाळीं श्रीनगरास सुमारें ५,२०० फुटांवर पोहोंचतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जम्मूच्या सपाटीस लागतो, जेथें जूनमध्यें पारा चाळीस अंशांच्या वर असतो. गाडींत अजून लेहचा लहान जेट आहे. तो जसजसा उतरतो तसतशी हवा दाटते, आणि मुंबईच्या मानाचें तेरास एक हें मिश्रण पंधरास एकाच्याही पलीकडे विरळ होतें. दुःखाची गोष्ट ही कीं, गाडी तक्रार करीत नाहीं. उलट ती हलकी, चलाख वाटते. मूठ पिळतांच उसळते. पंधरा दिवस रांगत चाललेल्या गाडीवर सपाट रुंद रस्ता लाभलेला तो मुलगा मूठ पूर्ण पिळून धरतो. आंत ज्वाळा नेहमींपेक्षां तापलेली असते, दट्ट्या फुगत असतो. ज्या दोन-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलांतच मिसळून घालतात, त्यांत लहान जेटबरोबर तेलही कमी झालेलें असतें. मग इंजिनांतून खडखडल्यासारखा बारीक आवाज येतो, जोर किंचित् ओसरतो, आणि एकाएकीं दट्ट्या नळकांड्याला चिकटून मागचें चाक जागच्या जागीं जखडतें. ताशी ऐंशी किलोमीटरांवर याचा अर्थ काय तो सांगण्याची आवश्यकता नाहीं. तो आवाज ऐकूं येतांच, जोर ओसरतांच, दुसरा विचार न करतां क्लच दाबावा आणि गाडी मोकळी सोडून कडेला आणावी.

म्हणून मुंबईहून निघतांना काढलेला मोठा जेट सामानाच्या तळाशीं न टाकतां, झांकणाच्या लहान डबींत, कापसांत गुंडाळून खिशाजवळ ठेवावा. डबीवर त्याचा आंकडा लिहून चिकटवावा. सुईची क्लिप मूळ कोणत्या खांचेंत होती आणि स्क्रू किती फेरे बाहेर होता, हेंही त्याच चिठ्ठीवर. श्रीनगरास किंवा मनालीस पोहोंचतांच, थकवा कितीही असो, गाडी गार झाल्यावर अर्ध्या तासांत तो परत बसवितां येतो. सकाळीं निघून पन्नासएक किलोमीटर गेल्यावर चहाच्या दुकानापाशीं थांबावें, प्लग काढावा, आणि तो बिस्किटाच्या रंगाचा दिसला म्हणजे घरीं फोन करावा.